हर्डीकरांच्या घरातली म्हैस

“पानी येतंय की,” बाई म्हणाल्या. “पान्याला नाव ठेवू ने. फकस्त गरम येतंय.”

“गरम?”

“चहाला आधण ठेवायला लागत न्हाई बघा. कोपऱ्यावर बेकरी हाय न्हवं, तिच्या भट्टीखालनं पाइप आलाय. आमच्या समद्यांचा पाइप रस्त्याच्या ह्या अंगानं, ह्या एका घराचा त्या अंगानं. हर्डीकर काका उन्हाळ्यात आज बादली भरत्यात आन उद्या आंघोळ करत्यात.”

एवढं सांगून त्यांनी भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि माझ्याकडं न बघता चालू लागल्या. पुढं त्यांचं नाव चंद्राक्का आहे असं कळलं. मी मात्र तिथंच नळापाशी उभा राहिलो, सराफानं दुसऱ्याच्या दुकानातला दागिना बघत राहावं तसा.

कारण खोटं मला कळतं. उभा जन्म मी शेतीचे पंप विकले. विहीर नसलेल्या एका माणसाला मी पंप विकला होता आणि पुढच्या साली त्यानं, पंप पडून राहील म्हणून, विहीर खोदली. तिला पाणी लागलं हे माझं नशीब. आता वय झालं. खोटं बोलायला स्मरणशक्ती लागते, त्यामुळं हल्ली नाइलाजानं खरं सांगतो. पण त्या काळी माझी जीभ अशी होती की चांगलं खोटं कानावर पडलं की तिला पाणी सुटायचं. आणि हे खोटं चांगलं होतं. भट्टी, पाइप, आज भरलेली बादली. पाणी येत नाही असं म्हटलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत थांबून नळ सोडून बघितला असता. घरांतल्या नळांना पाणी संध्याकाळी यायचं, दिवसभर चालायचा तो हा रस्त्यावरचा एकच; आम्ही घर बघायला आलो होतो भर दुपारी, आणि पाणी गरम आहे का हे बघायला कुणी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

“काय म्हणाल्या त्या?” प्रमिलेनं विचारलं. प्रमिला म्हणजे माझी बायको.

“पाणी गरम येतं म्हणाल्या.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती एका उघड्या दारातून आत बघत होती. आत शहाबादी फरशीवर चार-पाच पोरं ओळीनं झोपली होती. तेवढ्यात समोरच्या घरातून कुणीतरी हाक घातली, “आक्का, आमचा जेवला काय गं?” आणि चंद्राक्का कळशी उतरवता उतरवता म्हणाल्या, “जेवला, झोपला. तू झोप आता.” बस्स, एवढंच. प्रमिलेनं माझा शर्ट मागून ओढला.

“हे घर घ्यायचं,” ती म्हणाली.

“अगं, घर अजून बघितलं कुठं?”

“बघू की सावकाश.”

आमची उज्ज्वला तेव्हा सात वर्षांची होती आणि आईचा पदर धरून उभी होती. ती काहीतरी बोलली ते मला ऐकू आलं नाही. प्रमिला खाली वाकली, पोरीच्या तोंडाला कान लावला आणि म्हणाली, “तहान लागलीय तिला.”

हे जरा सांगायला हवं. आम्ही राहायचो गावातल्या शनिवार पेठेत, एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली मालकांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला कधीतरी डोळा लागायचा, आणि वर नुसती वाटी पडली तरी उघडायचा. मालक बिचारे भांडायचे नाहीत, खालून तक्तपोशीवर काठी टेकवायचे. उज्जू पायांच्या चवड्यांवरच चालायला शिकली. बोलायला लागली ती कानात बोलल्यासारखी. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलीचा घसा दाखवून घ्या. डॉक्टरांनी चमचा घालून आत बघितलं आणि घसा उत्तम आहे म्हणाले. त्या रात्रीपासून प्रमिलेनं घर बघायचं मनावर घेतलं. त्यात मालकांच्या मुलाचं लग्न वैशाखात ठरलं आणि त्यांना खोल्या हव्या झाल्या.

आमच्या ऐपतीत बसेल असं एकच ठिकाण होतं. गावाबाहेर, गारगोटीच्या रस्त्याला, उसाच्या रानाला लागून. आदर्श कॉलनी. नाव मोठं, घरं लहान. एका ओळीत बैठी घरं, वर कौलं नाहीतर सिमेंटचे पत्रे. कंपाउंडर, मास्तर, कारखान्यातले फिटर अशी पोटापुरती मिळवणारी माणसं. हर्डीकरांच्या एका घराला तेवढा स्लॅब होता आणि बाहेरून गच्चीवर जाणारा जिना. हर्डीकर पोस्टातून रिटायर झालेले, बायको आदल्या वर्षी गेलेली. ते मुलाकडं पुण्याला निघाले होते. भाव रास्त होता. नेमकं तेच मला खटकत होतं. एवढं घर, एवढा रास्त भाव, आणि वर्ष झालं तरी विकलं जात नाही.

हर्डीकरांनी घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी. उन्हानं मला घेरी यायला लागली होती म्हणून गच्चीवर प्रमिला एकटीच गेली. बराच वेळ वर होती. मग खाली आली.

“काय बघितलंस वर?” मी विचारलं.

“गच्ची,” ती म्हणाली.

परतताना समोरच्या ओट्यावरून बापू टेलरनं हाक मारली. मशिनीवर बसल्या बसल्याच त्यानं आम्हाला पाट सरकवला, पाणी मागवलं. उज्जूला एक रिकामं रीळ दिलं.

“घर बघितलासा व्हय?” तो म्हणाला. “घर एक नंबर. हर्डीकर काका तर देवमानूस. फक्त जरा सरकतंय.”

“काय सरकतंय?”

“घर. खाली काळी माती. दर श्रावनात बोटभर उगवतीकडं जातंय. लई न्हाई, बोटभर. मी हितं मशिनीवर बसून बघतोय न्हवं. आदी मला त्येंच्या खिडकीतनं देवघर दिसायचं, आता मोरी दिसतीया.”

“भिंतीला तडा कुठं दिसला नाही मला.”

“तडा जाईल कसा? समदं घर एकदमच जातंय.” त्यानं दोरा दातानं तोडला. “विजेच्या वायरीची तेवढी अडचन. दोनदा जोड दिलाय वायरमननं.”

मी मान डोलावली. काय सांगू, ती मान मनापासून डोलली. वायरीला जोड. अशी एक बारीक गोष्ट सुचायला माणूस जन्मावा लागतो. मी चोरून वर बघितलं तर खांबावरून हर्डीकरांच्या घरात जाणाऱ्या वायरीला खरोखरच जोड होता. बापूनं जोड आधी बघून ठेवला होता आणि घर मागून सरकवलं होतं.

एवढ्यात चंद्राक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. उज्जूनं पाणी पिऊन होईस्तोवर थांबल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि जाता जाता म्हणाल्या, “बापू, म्हशीचं सांगितलंस काय न्हाई ह्यास्नी?”

“मी कशाला सांगू? तू सांग. म्हस तुझ्या माहेरची.”

“माझ्या माहेरची न्हाई, चुलत माहेरची,” चंद्राक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “कॉलनी व्हायच्या आदी ह्या जाग्यावर गोठा हुता. प्लॉट पडलं, गोठा मोडला, म्हस गेली कळंब्याला. पर ती व्यायला हितंच येती. कुठंबी बांधा, दावं तोडून येती. हर्डीकर काकांच्या भायल्या खोलीत तीन रेडकं झाल्यात. काकू होत्या तवर बाळंतपन करायच्या. आता काका एकटं. म्हनून तर निघाल्यात पुन्याला.”

“म्हैस दारातून आत मावते?” मी विचारलं.

“आत येताना मावती,” चंद्राक्का शांतपणे म्हणाल्या. “भायेर जाताना तर मोकळीच असती न्हवं.”

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. भूत नाही, चोरी नाही, हर्डीकरांच्या नावाला धक्का नाही. उलट बाळंतपणं करणारी काकू. ऐकणाऱ्याला घर नकोसं व्हावं, पण कुणाची बदनामी होऊ नये. असलं खोटं मी तालुकेच्या तालुके पालथे घालून ऐकलं नव्हतं, आणि इथं एका गल्लीत ते नळावर, ओट्यावर, येता-जाता मिळत होतं.

आता, खोट्याला धनी असतो. कुणीतरी काहीतरी राखत असल्याशिवाय माणसं एवढी मेहनत घेत नाहीत. ह्यांना हे घर विकलं जायला नको होतं. का ते मला उमगेना. मला वाटलं, ह्यांच्यातल्याच कुणाला तरी ते भाव पाडून मागायचं असणार. तेव्हा आपण काही असेतसे नाही, मागं हटणारे नाही, हे दाखवावं. आणि खरं सांगायचं तर, एवढं ऐकून घेतल्यावर माझ्याही जिभेला खाज सुटली होती.

“म्हशीचं काही नाही,” मी म्हणालो. “आम्ही राहणार वर. गच्चीवर आख्खा मजला चढवतोय मी. इंजिनिअर ठरलाय. पुढं गॅलरी, मागं बाथरूम, आणि ह्या जिन्याला लोखंडी दार. पावसाळ्याच्या आत काम उरकायचं.”

बापूची मशीन थांबली. चंद्राक्कांनी रिकामा तांब्या उचलला आणि त्या घरात गेल्या. समोरच्या दोन खिडक्यांतली दोन तोंडं आत गेली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी हर्डीकर माझ्या पंपाच्या दुकानात आले. खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“माझं मन होत नाहीये हो,” ते म्हणाले. “तुम्ही दुसरीकडं बघा.”

“अहो, पण काल तर...”

“तुम्ही वर मजला चढवणार म्हणे.”

“चढवला तर तुमचं काय गेलं?”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “माझं काय जायचंय. मी पुण्यात.” आणि गेले. पानावर बसवून ताट काढून घ्यावं तसं झालं.

घरी येऊन मी प्रमिलेला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. खाली म्हातारी निजली असावी, कारण प्रमिला भाकरीसुद्धा दबक्या हातानं थापत होती.

“मजला कुठून चढवणार होता तुम्ही?” तिनं हळूच विचारलं. “आहे ते घर घेताना आपली दमछाक.”

“बोलायला काय जातं?”

“घर जातं,” ती म्हणाली.

कोपऱ्यात उज्जू बापूनं दिलेलं रीळ फिरवत बसली होती. घसरून ते जमिनीवर पडलं, आणि पोरीनं झडप घालून ते छातीशी धरलं, जसं काही तेच रडायला लागणार होतं. प्रमिलेनं ते बघितलं. मीही बघितलं.

प्रमिलेचा एक मोठा दोष होता. तिला खोटं बोलता यायचं नाही. दारात वर्गणीवाले आले आणि मी आतून ‘नाही म्हणून सांग’ अशी खूण केली, तर ती दारात जाऊन म्हणायची, “आहेत, पण नाही म्हणून सांगा म्हणालेत.” असल्या बाईबरोबर मी संसार केला. त्यामुळं शनिवारी ती म्हणाली की उद्या पहाटे उठायचं आणि आदर्श कॉलनीत जायचं, तेव्हा मला वाटलं, ही जाऊन सगळ्यांसमोर सांगणार की माझा नवरा थापाड्या आहे.

“तसं काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी.”

“एक अक्षरसुद्धा?”

“अक्षरसुद्धा.”

तिनं माहेरचा पितळी सोऱ्या चिंचेनं घासून लखलखीत केला आणि पिशवीत घातला. तो कशाला, हे मी विचारलं. ती म्हणाली, “परवा त्या गल्लीत घरोघरी गहू भिजत घातलेले होते. तुम्हाला वास आला नाही?” मला वास आला नव्हता. मी थापा ऐकत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा हर्डीकरांच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती आणि तिच्यावर भलं मोठं पातेलं रटरटत होतं. गव्हाचा चीक. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, भिजवून वाटलेल्या गव्हाचं सत्त्व शिजवलं की त्याची खळीसारखी घट्ट लापशी होते. ती गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या. निवली की संपलं. चंद्राक्का मोठ्या लाटण्यानं पातेलं घोटत होत्या, घामानं न्हाल्या होत्या. बायका भरलेली पातेली पदरानं धरून जिन्यानं वर पळत होत्या. हर्डीकर जिन्याच्या तळाशी उभे राहून “सांभाळून, सांभाळून” म्हणत होते. पोस्टात एवढ्या वर्षांत त्यांनी पार्सलांना एवढं जपलं नसेल.

आमच्याकडं कुणी बघितलं नाही. प्रमिला सरळ जिना चढून वर गेली. तिच्यामागं उज्जू, मागं मी.

आणि वर गेल्यावर माझे डोळे उघडले. गच्चीभर जुनी धोतरं आणि लुगडी अंथरली होती. कडांना दगड. अख्ख्या गल्लीचं वाळवण तिथं होतं, कुणाच्या शेवया, कुणाचे सांडगे, बटाट्याचा कीस, आणि आता कुरडया. धोतरांच्या मधून जी फरशी दिसत होती तिच्यावर पांढरे गोल डाग होते, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. मधोमध एका बांबूला काळं फडकं बांधलं होतं, कावळ्यांनी भ्यावं म्हणून. परवा प्रमिलेनं हेच बघितलं होतं. कौलांवर आणि पत्र्यांवर वाळवण घालता येत नाही. सगळ्या ओळीत ऊन असलेली सपाट जागा ही एवढीच होती. हर्डीकरांच्या बायकोनं ती सगळ्यांना मोकळी ठेवलेली. ह्यांना घर नको होतं, ऊन हवं होतं. आणि मी मूर्खानं त्या उन्हावर मजला चढवला होता, वर जिन्याला लोखंडी दार लावलं होतं.

“आलासा व्हय?” चंद्राक्का पातेलं घेऊन वर आल्या होत्या. “मजल्याचं माप घ्यायला?”

मी तोंड उघडलं. प्रमिलेनं माझ्याकडं बघितलं. मी मिटलं.

तिनं पदर खोचला, धोतराच्या कडेला बसकण मारली, सोऱ्या काढला आणि चंद्राक्कांच्या पातेल्यातून चीक भरला. कुणी नको म्हणायच्या आत पहिली कुरडई धोतरावर उतरली, गोल, एकसारखी, मध्ये जाळी. बायका बघत राहिल्या.

“मजला आम्हाला चढवता येत नाही,” ती म्हणाली.

“का वो?”

“यांच्या घराण्याला चालत नाही.” तिनं दुसरी कुरडई घातली. “यांच्या पणजोबांनी माडी चढवली. वास्तुशांत झाली, पंगत उठली, पणजोबा विडा खायला बसले आणि त्यांची वाचा गेली. पुढं आजोबा म्हणाले, असं कुठं असतंय. त्यांनी चढवली. त्यांचीही गेली. सासऱ्यांनी नुसता नकाशा काढून घेतला, तर आठवडाभर तोतरं बोलत होते.”

मी माझ्या बायकोकडं बघत होतो. माझे पणजोबा उभा जन्म झोपडीत राहिले. आजोबांना माडी चढायला मिळाली ती दुसऱ्याच्या घरी, धान्याची पोती वर न्यायला. वर्गणीवाल्यांना खरं सांगणारी बाई, कुरडईवरून नजर न उचलता, माझ्या तीन पिढ्यांची वाचा घालवत होती.

“आन परवा हे बोललं त्ये?” जिन्यातून बापू टेलरनं विचारलं. तोही पातेलं धरायला आला होता.

“बोलून गेले खरे. घरी पोचेपर्यंत घसा बसला.”

सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मला तोंड उघडायचं नव्हतं, तेव्हा मी नुसता उभा होतो.

“आजबी बसल्यालाच दिसतोय,” चंद्राक्का म्हणाल्या.

“आज जरा कमी आहे.”

“परवा तर लई चालत हुतं तोंड.”

“म्हणून तर जपावं लागतं,” प्रमिला म्हणाली. “पोट त्या तोंडावर आहे आमचं.”

बापूनं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. चंद्राक्का मात्र हसल्या नाहीत. त्या प्रमिलेसमोर येऊन उकिडव्या बसल्या. एक कसबी माणूस दुसऱ्या कसबी माणसासमोर बसतो, तशा.

“आन जिन्याला दार लावलं तर?” त्यांनी विचारलं.

आता सांगतो, सगळा सौदा ह्या एका प्रश्नात होता. हर्डीकर जिन्यात होते, त्यांच्याही कानांवर ते गेलं. प्रमिलेचा हात सोऱ्यावर थांबला नाही.

“दार लावलं तर कान जातात,” ती म्हणाली. “दार लावायचंच नाही.”

चंद्राक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या आत्याच्या दिराचं आसंच झाल्तं. त्येनं कुलूप घातल्तं.” आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, “सरक की जरा, वैनीस्नी बसायला जागा दे.”

मग काय, कामाला वेग आला. पातेली येत होती, जात होती. मी खालून वर पाण्याच्या बादल्या वाहिल्या, मुकाट्यानं. पोरांना राखण दिली. एकेका धोतराच्या कोपऱ्यावर एकेक पोर, हातात काठी. कावळा आला की ओरडायचं. उज्जूलाही एक कोपरा मिळाला, कुरडयांचा, सगळ्यांत महत्त्वाचा.

ऊन वर आलं तसा पहिला कावळा आला. कठड्यावर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि टुणकन उडी मारून नेमका उज्जूच्या धोतराजवळ उतरला. उज्जू उठून उभी राहिली. काठी धरली. आणि म्हणाली, “हाड.”

हे तिच्या ओठांवरून कळलं. ऐकू आलं नाही. कावळा आणखी एक पाऊल पुढं आला.

“आगं बाई,” चंद्राक्का म्हणाल्या, “कावळ्याला काय गुपित सांगतीस व्हय?”

पोरं हसली. उज्जूचं तोंड लहान झालं. ती चवड्यांवर उभी होती. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या झोपेवर उभी असल्यासारखी. तिनं आईकडं बघितलं.

प्रमिला म्हणाली, “उज्जू, इथं खाली कुणी झोपलेलं नाही.”

पोरगी क्षणभर थांबली. तिनं टाचा टेकवल्या. आणि मग ती ओरडली.

“हाऽऽड!”

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण हे खरं आहे. तो आवाज ऐकून तो कावळा तर उडालाच, बेकरीवरचे उडाले, उसातले उडाले. हर्डीकर जिन्यात दोन पायऱ्या मागं सरकले. खाली रस्त्यानं जाणारा सायकलवाला उतरून वर बघायला लागला. आणि उज्जू, आपल्याच तोंडातून काय निघालं ते न समजल्यासारखी, परत ओरडली, कावळा नव्हता तरी. मग तिसऱ्यांदा.

मी प्रमिलेकडं बघितलं. ती मान खाली घालून सोऱ्या फिरवत होती. फिरवतच राहिली. एका कुरडईवर दुसरा फेरा, तिसरा फेरा, थांबायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. परातीएवढी कुरडई झाली. चंद्राक्कांनी ते बघितलं, तिच्या हातातून अलगद सोऱ्या काढून घेतला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे आता. धूर गेलाय डोळ्यांत.”

चूल खाली अंगणात होती. वर धूर नव्हता.

काम आटोपल्यावर पातेल्यात राहिलेला चीक वाटायची तिथं रीत आहे, दूध-साखर घालून. घरचे असतील त्यांनाच तो मिळतो, पाहुण्याला चहा देतात. चंद्राक्का वाट्या घेऊन आल्या. मी चहाच्या कपाची वाट बघत होतो. त्यांनी माझ्यासमोर वाटी ठेवली.

“खावा,” त्या म्हणाल्या. “घशाला बरं असतंय.”

शेजारी हर्डीकर येऊन बसले. आपली वाटी ढवळायला लागले. मग हळूच म्हणाले, “आमची ही जाताना म्हणाली होती, घर तुम्ही विकू नका, गिऱ्हाईक ह्या गल्लीला निवडू द्या. वर्षभरात सात गिऱ्हाइकं परत गेली. म्हशीचं ऐकून.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “उद्या या. कागद करून टाकू.”

मी प्रमिलेकडं बघितलं. तिनं मान हलवली, बोला आता. मी चीक खाल्ला.

पुढं बरे दिवस आले. मजला चढवण्याएवढे आले. जावई इंजिनिअर, त्यानं नकाशासुद्धा काढला. मी त्याला पणजोबांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. आता तर नातवंडांना ते पाठ आहे, आणि खरं वाटतं. गच्ची आहे तशी आहे.

चंद्राक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बेळगावला असतो, त्यानं घर विकायला काढलंय. परवा दुपारी एक जोडपं बघायला आलं होतं. नवरा फोनवर बोलत होता, बायको दारातून आत बघत होती. प्रमिला आमच्या पायरीवर सुपात डाळ निवडत बसली होती.

“आजी, शेजार कसा आहे हो?” त्या मुलीनं विचारलं.

“चांगला आहे,” प्रमिला म्हणाली. “घरही चांगलं आहे. फक्त एक म्हैस येते.”

मी पेपर खाली घेतला.

“व्यायला येते,” प्रमिला डाळीतला खडा बाजूला काढत म्हणाली. “आधी ह्या घरात यायची. आम्ही आल्यापासून त्या घरात जाते. बाहेरच्या खोलीत. वाईट काही नाही, पण येते.”

मुलगी हसली नाही. तिनं घराकडं बघितलं, दाराची रुंदी बघितली, मग परत प्रमिलेकडं बघितलं.

“दूध देते का?” तिनं विचारलं.

प्रमिलेनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. परत त्या मुलीकडं बघितलं.

“घरचं भागून उरतं,” ती म्हणाली. “विरजण तेवढं आमच्याकडून न्यावं लागेल.” आणि मला म्हणाली, “अहो, ह्यांना जरा गच्ची दाखवता का?”

मी उठलो. जिन्याला दार नाही, त्यामुळं किल्ली शोधावी लागली नाही.